न झटकलेली दस्ती

दस्तीमामूंनी मला फसवलं. माझं अमडापूरचं घर त्यांनी विकायला घेतलं, गिऱ्हाइकं आणली, घर दाखवलं आणि एकेका गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातानं परत पाठवलं. मी हे त्यांच्या माघारी बोलतोय असं कुणी समजू नये. ते चांगले धडधाकट असताना बसस्टँडवरच्या हॉटेलात, निम्मं गाव चहा पीत बसलेलं असताना, मी हे त्यांच्या तोंडावर बोललो होतो. त्यांनी बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "घुंगरूशेठ, आवाज कमी करा. हॉटेलवाल्याचं दूध फाटंल."

तोंड पुसलं ते दस्तीनं. रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात, पण मामूंची दस्ती खिशात मावणारी नव्हती. विटक्या तांबड्या चौकड्यांचं ते फडकं कायम डाव्या खांद्यावर असायचं. त्यांना नाव होतं, ते रेशनकार्डावर. बाकी चिखलीपासून खामगावपर्यंत सगळ्यांचे ते दस्तीमामू. घरातल्या लग्नात त्यांनी नवा सदरा घातला तरी खांद्यावर तीच दस्ती. मामी चिडायच्या, तेव्हा म्हणायचे, "सदरा माहा हाय, पण पोट दस्तीचं हाय."

कारण त्यांचा धंदा गुरांच्या बाजारातला. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये मामू. ते विकणाऱ्याचा हात हातात घ्यायचे, वर दस्ती टाकायचे आणि खाली बोटं बोलायची. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. शेकडा की हजार, ते माल बघून ज्याचं त्याला कळायचं. याचा आकडा नेऊन ते त्याच्या हातात द्यायचे, त्याचा आणून याच्या. भोवती बघ्यांचं कडं पडलेलं असायचं, पण भाव ठाऊक फक्त तिघांना. आणि मालकाचं मन फिरलं, माल विकायचाच नाही असं ठरलं, तर मामू घेणाऱ्याची पाचही बोटं आत मिटवून त्याची मूठ करून द्यायचे. मूठ दिली की संपलं. का म्हणून कुणी विचारत नसे.

त्याच बाजारात मी पोतं अंथरून घुंगरमाळा, कासरे आणि वेसणी विकायचो. वडिलांनी मला काही दिलं नाही, त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतंच. जे मिळवलं ते घशाच्या जोरावर. एकदा मामू घुंगरमाळ घ्यायला आले. मी भाव ओरडून सांगितला. त्यांनी माळ खाली ठेवली आणि माझा हात धरून वर दस्ती टाकली. मी हात ओढला. म्हटलं, "मामू, मी काय नवरी हाये? हात काऊन धरून राह्यले?" आजूबाजूचे हसले. मामू हसले नाहीत. म्हणाले, "बापू, तोंडाले लाज नसते, हाताले असते. हातानं खोटं बोलून पाहाय बरं." मी पुन्हा हात दिला आणि बोटं दाबली. खरं सांगतो, ओरडून सांगितला होता त्यापेक्षा कमी भाव माझ्या बोटांनी दिला. कसा ते मला आजही कळत नाही. मामूंनी माळ घेतली, दस्ती हवेत फटकन झटकली आणि गेले. त्यांच्यामुळे झालेला तो माझा पहिला तोटा.

ते झटकणं हे त्यांचं दुसरं वैशिष्ट्य. सौदा जमो की मोडो, शेवटी दस्ती झटकायची. झटकली की आकडा विसरला. एका बड्या पाटलानं आपली नावाजलेली जोडी मामूंच्या हातून विकली. भाव पडलेला होता आणि पाटलाला ते झाकायचं होतं. पाटलाचाच मुलगा भाव काढून घ्यायला मामूंच्या मागे लागला. आधी गोड बोलला, मग बाजारात पाय ठेवू देणार नाही म्हणाला. मामूंनी त्याला जोडी उभी होती त्या जागी नेलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. "इथंच झटकली होती बापू. मातीत पडला असंल भाव, पाहाय सापडते का." पोरगं पाय आपटत निघून गेलं. मामू शेवटपर्यंत बोलले नाहीत.

मी ओरडतो, भांडतो, गिऱ्हाइकाच्या बापजाद्यांचा उद्धार करतो. हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे आणि मला त्याची लाज नाही. पण एकदा हो म्हटलं की माल त्याचा. तासाभरानं दुप्पट देणारा उभा राहिला तरी माल पहिल्याचाच. हे मात्र मी मामूंकडून घेतलं. ते म्हणायचे, "मालक मरो का गिऱ्हाईक मरो, झालेला सौदा मरत नाई." तेव्हा मला हे वाक्य आवडलं होतं. आता त्याचा राग येतो.

पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, घुंगरमाळा फक्त पोळ्यापुरत्या उरल्या. मी मोटारपंप आणि पाइपांचं दुकान टाकलं. मामू घरं आणि प्लॉट दाखवायला लागले. पण सवयी बाजारातल्याच. नवं घर पाहायचं म्हणजे आधी भोवती एक फेरी, मग भिंतीवर थाप, मग वाकून मोरीत नजर. मी विचारलं, "मोरीत काय पाहून राह्यले?" तर म्हणाले, "दात." एका मास्तरांच्या घराबद्दल ते गिऱ्हाइकाला गंभीरपणे म्हणाले, "दिसाले देखणं हाय, पण बुजरं हाय. पावसाळ्यात अंग चोरंल." पावसाळ्यात त्या घराची मागची भिंत खरंच फुगली. घर विकावं की भाड्यानं द्यावं, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "भाड्यानं देनं म्हंजे बैल बटईनं देनं. राबून सगळे घेतात, चारा कोनी टाकत नाई."

आता घराबद्दल. ते मला कुणी दिलं नाही. अमडापूरला प्लॉट घेतला, पाया घातला, स्लॅब टाकला, सगळं पंपाच्या दुकानातून. त्या वर्षी उन्हाळा कडक होता आणि विहिरींनी तळ दाखवला होता. सिमेंटला पाणी मारलं नाही तर भिंत भाजते, हे घर बांधलेल्या कुणालाही सांगायला नको. मी दुकानात आणि बाजारात. ते पाणी मारलं विमलनं, माझ्या बायकोनं. मुलगा कडेवर, घागर डोक्यावर, वेशीजवळच्या विहिरीपासून खेपा. गवंडी म्हणायचा, वहिनी, एक दिवस नाही मारलं तर चालते. तिला चालत नसे. मामू जाता-येता वाळूच्या ढिगावर टेकायचे. तिला म्हणायचे, "बेटी, बैलालेबी एवढं पानी कोनी पाजत नाई." ती त्याच घागरीतलं गडूभर त्यांना द्यायची.

विमलला भाव करता येत नसे. भाजीवालीनं सांगितलं तेवढं देऊन मोकळी व्हायची. मी डोक्याला हात लावायचो. "तुले कोनीबी लुटते."

"लुटू द्या. तिलेबी लेकरं हायेत."

"मंग घर कोनाच्या नावानं हाय पाह्य, मी आहो म्हनून टिकलं."

"पैसा तुमी लावला," ती म्हणायची, "पानी म्या पाजलं. घर पानी पाजनाऱ्याचं असते." आणि पदर खोचून कामाला लागायची. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण ती भावच करत नसे. समोरच्यानं भाव केला नाही तर माझ्यासारख्याचं काही चालत नाही.

दुकान वाढलं तसं आम्ही चिखलीला फ्लॅट घेतला. मुलगा पुण्याला नोकरीला गेला. विमल चिखलीत राहिली, पण रमली नाही. म्हणायची, "इथं भिंतीले हात लावला तं शेजाऱ्याले लागते असं वाटते." मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावर ती म्हणाली, घरी म्हणजे अमडापूरला. मी नेलं. समोरच्या खोलीत, खिडकीखाली, तिची बाज टाकली. दुपारी मामू आणि मामी येऊन बसायचे. मी आतल्या खोलीत फोनवर असायचो. चिखली रस्त्यावर दोन नवे लेआउट पडले होते, ज्याच्या हातात पैसा तो तिकडे धावत होता, गावातल्या जुन्या घराला कुणी विचारीना. अशा वेळी लवकर हालचाल केली तर चार पैसे सुटतात, हे समजायला शाळा लागत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकांशी बोलत होतो. त्यात वावगं काय होतं? माझा आवाज मोठा आहे आणि मधलं दार उघडं असायचं, एवढंच.

विमल गेल्यावर दिवस झाले, पाहुणे पांगले आणि मी मामूंना बोलावून घराची दुसरी किल्ली पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही.

"घाई काऊन करता, शेठ? बाजार थंडा हाय."

"म्हनूनच. आज थंडा हाय, उद्या बर्फ होईन."

"भाड्यानं द्या तवरलोक."

"बैल बटईनं? तुमीच म्हनता ना?"

मामू दस्तीचं टोक चाचपायला लागले. आपल्याच शब्दात सापडलेला माणूस मी चांगला ओळखतो, मला बरं वाटलं. त्यांनी माझा हात घेतला आणि वर दस्ती टाकली. मी भाव दिला. ते हात सोडीनात. जणू मी आणखी काही सांगणार आहे. मग म्हणाले, "हात थंडागार हाय तुमचा." मी म्हटलं, "हात विकाचा नाई, घर विकाचं हाय." तेव्हा कुठे त्यांनी किल्ली उचलली.

गिऱ्हाइकं आली, नाही असं नाही. एक गुरुजी आले होते, ते मला नीट आठवतात. बायकोला घेऊन आले. तिनं स्वयंपाकघर पाहिलं, ओट्यावरून हात फिरवला. तिला घर आवडलं होतं. ज्या बाईला घर आवडतं ती कुठे काय ठेवायचं हे डोळ्यांनी मांडायला लागते, मला ते कळतं. मी भिंतींची जाडी, बोअरचं पाणी, स्लॅबमधलं लोखंड सगळं सांगत होतो. मामू मध्येच म्हणाले, "शेठ, घर विकून राह्यले का भांडे?" मग त्यांनी गुरुजींचा हात घेतला, वर दस्ती टाकली. गुरुजींचा चेहरा बदलला. ते माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहायला लागले. मामूंनी दस्ती झटकली. गुरुजी नमस्कार करून निघाले, त्यांची बायको उंबऱ्यापाशी जरा थांबली, मग तीही गेली.

"काय झालं?"

"बाजार थंडा हाय, शेठ."

दर वेळी हेच. बाजार थंड होताच, त्यामुळे माझा विश्वास बसला. खऱ्याच्या आड लपवलेलं खोटं सापडत नाही. मी भाव उतरवला. पुन्हा उतरवला. गिऱ्हाईक यायचं, हात दस्तीखाली जायचा आणि गिऱ्हाईक जायचं. दोन वर्षं गेली, तिसरं लागलं. मुलगा फोनवर म्हणायला लागला, "बाबा, काढून टाका, नाहीतर कुणाला तरी भाड्यानं द्या. बंद घर खराब होतं." आणि घर खराब व्हायला लागलं होतंच. खिडकीचं लाकूड फुगलं, अंगणात गाजरगवत माजलं. मी बाजाराच्या दिवशी अमडापूरला जायचो, कुलूप उघडायचो, झाडून घ्यायचो. भर उन्हाळ्यात, नळाला थेंब नसताना, समोरच्या खोलीत ओल्या सिमेंटचा वास यायचा. भिंतीला हात लावून पाहायचो, भिंत कोरडी ठणठणीत. वास मात्र यायचा. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी खिडकी उघडून ठेवायचो आणि बाहेर ओट्यावर बसायचो.

मग सुलतानपूरला एका लग्नात तेच गुरुजी भेटले. पंगतीत शेजारी बसले. मी सहज म्हटलं, "घर घेतलं का मग कुठं?"

गुरुजी जरा फणकाऱ्यानं म्हणाले, "घेतलं ना, लेआउटमधी. तुमचं घर विकायचंच नव्हतं तर आम्हाला कशाला बोलावलं हो? माझी बायको चार दिवस जेवली नाही."

"विकाचं नव्हतं? कोन म्हनलं?"

"मामूंनी मूठ दिली की हातात."

मूठ. मी पानावरून उठलो. वरपक्षाचे लोक विचारत राहिले, काय कमी पडलं. मी सरळ अमडापूर गाठलं, मामू हॉटेलात बसले होते, आणि मग ते झालं जे मी वर सांगितलं. चोर म्हटलं, दगाबाज म्हटलं. दूध फाटण्याचं त्यांचं बोलून झाल्यावर मी टेबलावर हात आपटला.

"सगळ्याइले मूठ दिली ना? सांगा! काऊन?"

"दिली."

"घर माहं, मालक मी!"

"हाव."

"मंग?"

मामूंनी रिकामी बशी कपावर पालथी घातली. "सौदा पह्यलेच झालेला हाय, शेठ. त्या सौद्यावर दुसरा सौदा मले करता येत नाई."

"कोनाशी झाला?"

त्यांनी चहाचे पैसे मोजून ठेवले. मी ओळखलं. माझ्या घराला लागून खतांच्या व्यापाऱ्याचं गोडाऊन आहे. त्याचा माझ्या जागेवर डोळा होता हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाव पुरता पडेपर्यंत घर अडवून धरायचं आणि मग मातीमोलानं उचलायचं, असा डाव असणार. मी तसं बोललो. मामूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला झोंबलं. म्हणाले, "असंल बापू. तुमाले तसं वाटते तं तसं असंल." किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. मला पुन्हा बापू म्हणाले होते ते फार वर्षांनी.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. बाजारात समोरून आले तर मी रस्ता बदलायचो. ते बदलत नसत, दस्ती सारखी करत उभे राहायचे, मी जाईपर्यंत. मी चिखलीतल्या नव्या दलालांकडे घर दिलं. ते मोबाइलवर फोटो टाकतात, स्पीकर लावून सगळ्यांदेखत भाव करतात. त्यांनी एकही गिऱ्हाईक आणलं नाही. खतवाल्यालाही मी गाठलं. तो म्हणाला, "शेठ, मीच माझं गोडाऊन विकायला काढलंय, तुमचं घर घेऊन काय करू?" मी त्यालाही खोटारडा म्हटलं. पण दोनच महिन्यांत त्याच्या गोडाऊनवर विकण्याची पाटी लागली.

यंदा हिवाळ्यात मामू गेले. मी मयतीला गेलो, मागे उभा राहिलो. बाजारातली जुनी माणसं आली होती, कुणी बैलवाले, कुणी कासरेवाले, सगळे म्हातारे. कुणी भाव काढला नाही, सगळे हातांची घडी घालून उभे. मला मात्र सारखं वाटत होतं की आता कुणीतरी येऊन माझा हात धरेल.

थोड्या दिवसांनी मामींचा निरोप आला. गेलो तर त्या ओसरीत तांदूळ निवडत होत्या. सुपातून डोळे न काढता म्हणाल्या, "बैठो बाबा. गुस्सा उतरला का?"

"माहा पैसा बुडाला मामी, घर सडून राह्यलं. गुस्सा कसा उतरंल?"

"ती तं म्हनतच होती. तुमचा गुस्सा लंबा असते म्हने."

"कोन?"

"विमल." मामींनी सूप बाजूला ठेवलं. "तुमी अंदर फोनवर वरडून राह्यले होते. घर विका, घर विका. बेटी बाजीवर पडल्या पडल्या ऐकत होती. मंग ह्याइले म्हने, मामू, दस्ती टाका. मले सौदा कराचा हाय."

मी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"हे म्हनले, बेटी, बाईमानसाचा हात मी कसा धरू? तं हसली. म्हने, पानी पेतानी गडू धरत होते ना माह्या हातचा? मंग ह्याइनं दस्ती दुहेरी केली अन् तिच्या हातावर टाकली. ती म्हने, आमचे हे विकतील घर, मामू, मी नाई थांबवत. पन इतके वर्स विकू देऊ नका. अन् बोटं दाबले."

"किती?"

"दस्तीखाली होते बाबा. मले कसे दिसतील?"

"मामूनं सांगितलं नाई तुमाले?"

मामींनी सूप पुन्हा पुढे ओढलं. अख्खा जन्म त्या माणसाबरोबर काढलेल्या बाईला मी हा प्रश्न विचारला होता.

"ह्याइनं विचारलं तिले," मग त्याच पुढे म्हणाल्या. "इतके वर्स कशाले पाह्यजे, बेटी? तं म्हने, आमच्या ह्याइले तिकडं करमनार नाई, मामू. वापस येतील. घर नसलं तं कुठं येतील?"

मी म्हटलं, "मले चांगलं करमते तिकडं."

"हाव," मामी म्हणाल्या. "दर बाजाराले येऊन ओट्यावर बसता ते दिसते आमाले."

मी विषय बदलला. धंद्याचा माणूस अटी विचारतो, मी विचारल्या. विकायचं नाही हे ठरलं, पण भाड्याचं काय? भाड्यानं द्यायची मोकळीक होती का? मामी म्हणाल्या, भाड्याचं काही बोलणं झालं नाही. मुदत कधीपासून मोजायची, ती गेली त्या दिवसापासून की बोटं दाबली त्या दिवसापासून? त्यांना ठाऊक नव्हतं. असला कच्चा सौदा मामूंनी आयुष्यात केला नसेल. तो त्यांनी नेमका माझ्या घरावर केला.

उठताना मामींनी पेटीतून दस्ती काढून माझ्या हातात दिली. चौकोनी घडी होती. म्हणाल्या, "मरनाच्या आधी म्हनले, घुंगरूशेठले देजो. दुसरी वापरत होते, ही नाई. त्या दिवशी सौदा झाल्यावर ही झटकली नाई ह्याइनं. घडी करून ठेवली."

आता माझी अडचण ऐका. गुरुजींच्या ओळखीचा एक माणूस घर घ्यायला तयार आहे. भाव पडेल देतोय, पण रोख देतोय, आणि त्याला उत्तर हवं आहे. आरोग्य केंद्रात नव्यानं आलेल्या नर्सबाई भाड्यानं मागत आहेत, आईला घेऊन राहणार म्हणतात, साधी माणसं आहेत, खिळेसुद्धा ठोकणार नाहीत. मुलगा म्हणतो, बाबा, गेलेल्या माणसांच्या बोटांवर कुणी घर अडवून ठेवतं का? त्याचं बरोबर आहे. तो पुण्यात राहतो, त्याचं बरोबरच असतं. पण मी जन्मभर एकच गोष्ट पाळली, झालेला सौदा मोडला नाही. हा सौदा झाला आहे. माझ्या घराचा झाला आहे. दोन बोटं दाबली असतील तर मुदत कधीच संपली, मी उद्या घर विकायला मोकळा. पंजा आवळला असेल तर अजून बाकी आहे. आणि तिनं पुन्हा पंजा आवळला असेल तर? तिला भाव करता येत नव्हता, काय दाबलं असेल तिचं तिलाच ठाऊक. आयुष्यात तिनं एकच सौदा केला, तोही माझ्या पाठीमागे, बाजारातला सर्वांत पक्का दलाल गाठून, आणि मी शेजारच्या खोलीत भाव ओरडत होतो.

काल दुपारी मी अमडापूरला गेलो. कुलूप उघडलं, खिडकी उघडली. वास होताच. तिची बाज होती त्या जागी जमिनीवर बसलो आणि दस्ती काढली. झटकली नाही, फक्त उलगडली. एवढ्या दिवसांच्या घडीच्या रेषा तिच्यात उमटलेल्या आहेत. मी उजवा हात पुढे केला आणि डाव्या हातानं दस्ती त्याच्यावर टाकली. बाहेर खतवाल्याच्या पाटीवर वारा आपटत होता.

मामू, तुम्ही मला फसवलं आहे आणि विमल, तू त्यांना फूस दिली आहेस. सात-बारा काढा, फेरफार काढा, कुठल्याही कागदावर तुम्हा दोघांचं नाव नाही. मालक मी आहे, आणि मला न विचारता माझ्या घराचा सौदा केलात. मला जाब पाहिजे. तोंडानं देऊ नका, तोंडाला लाज नसते. हात पुढे केलेला आहे, वर दस्ती आहे, इथे दुसरं कुणी बघायला नाही. किती वर्षं, ते दोघांपैकी एकानं मला सांगा. दाबा बोटं.